पळीची उंची

त्या दिवशी मी दोन थोबाडीत दिल्या. सकाळची एका परक्या माणसाला, एका पोरीची बाजू घेऊन. दुपारची त्याच पोरीला. संध्याकाळी मार पडला तो मला.

मी शाळेत खिचडी शिजवते. गाव मंठ्यापासून आत, शाळा जिल्हा परिषदेची, आठवीपर्यंत. पासष्टी उलटली तरी मला कोणी काढलं नाही, कारण माझा पोरगा शाळेच्या समितीत आहे आणि एवढ्या पगारात धगीपुढं बसायला दुसरी बाई तयार नाही. मी स्वतः चौथी शिकले. चौथीच्या गुरुजींनी पट्टीनं बोटं फोडली होती, पण शाळा सुटली ती त्यामुळं नाही. घरी म्हैस आली आणि तिच्यामागं कोणीतरी हवं होतं.

मार मला नवा नाही. बापानं मारलं, सासूनं मारलं, नवरा तर मेला त्या आठवड्यातही मारून गेला. मीही माझ्या पोरांना मारलं. आमच्याकडं मारलं म्हणून कोणी रडत बसत नाही. कशासाठी मारलं, एवढंच विचारतात.

शाळेतल्या मॅडम भोकरदनकडच्या. वय तिशीच्या आसपास, डोळ्याला चष्मा. पोरांना हात लावत नाहीत, पण अशा बघतात की पोरांना मार परवडतो. जालन्याला कुठल्याशा संस्थेची युवा नेतृत्व परिषद होती, एका दिवसाची. आमच्या शाळेतून चार पोरी निवडल्या. पोरींसोबत दोन मोठी माणसं पाहिजेत असा नियम निघाला आणि दुसरे गुरुजी प्रशिक्षणाला गेलेले. मॅडम चुलीपाशी आल्या.

"मावशी, तुम्ही चला आमच्याबरोबर."

"म्या काय करू तिथं?"

"काही नाही. मागं बसायचं आणि पोरींवर नजर ठेवायची. पुढारी कसं व्हायचं ते शिकवणार आहेत."

"गावात पुढारी काय कमी पडले का, मॅडम?"

मॅडम हसल्या. मला जालन्याला जाऊन बरेच दिवस झाले होते. मी हो म्हटलं.

चारातली एक पोरगी बौद्धवाड्यातली. आठवीत, काडीसारखी, आई-बाप रोजानं कामाला. तोंड मात्र असं की दोन माणसं भांडायला लागली तर तिसरी ही पाहिजेच. तिनं भाषण बसवलं होतं, 'मुलींच्या शौचालयाला कडी नाही' या विषयावर. मी तांदूळ निवडत बसायची आणि ती व्हरांड्यात ओरडून पाठ करायची. शेवटी मलाच पाठ झालं. एकदा ती मधेच अडली तर मी चुलीजवळून पुढची ओळ सांगितली.

मंठ्याच्या स्टँडवर जालन्याची गाडी लागली आणि रेटारेटी सुरू झाली. त्या पोरीनं खिडकीतून दप्तर टाकून दोन जागा धरल्या. आम्ही आत पोचेपर्यंत एका मिशाळ माणसानं दप्तर उचलून खाली फेकलं होतं आणि तो बसला होता.

"काका, ती जागा धरेल हाय," पोरगी म्हणाली.

"बस काय तुझ्या बापाची हाय?"

"तुमच्या बी बापाची न्हाई. सरकारची हाय."

लोक हसले. हसले नसते तर तो गप्प बसला असता. त्यानं बसल्या बसल्या तिची वेणी धरली आणि खाली ओढली. पोरीचं कपाळ पुढच्या सीटच्या दांडीवर आपटलं, ठण्ण आवाज आला.

मी मधे दोन माणसं होती ती बाजूला सारली आणि त्याच्या थोबाडीत दिली. माझा हात जड आहे. जन्मभर मळणं, दळणं, घाटणं केलेला हात. त्याची टोपी मागच्या बाईच्या मांडीवर पडली.

"म्हातारे!" तो उठला.

"मार ना. मार की. सगळी गाडी बघून राह्यली. लेकराची वेणी ओढतो, लाज वाटत न्हाई?"

मॅडम मधे घुसल्या. कंडक्टर दारातून ओरडला, "आजी, गाडी जालन्याला न्यायची का पोलीस ठाण्याला, जल्दी सांगा." लोकांनी त्या माणसाला मागं ढकललं. जाता जाता तो मला जे बोलला ते मी लिहीत नाही. मी त्याला जे बोलले तेही लिहीत नाही.

पोरगी माझ्याशेजारी बसली. कपाळावर बोराएवढं टेंगूळ आलं होतं, पण चेहरा असा की जत्रेला निघाली. माझा हात उलटा-पालटा करून बघत होती.

"मावशी, लागलं का तुम्हाला?"

"त्याला लागलं. मला काय लागतंय."

"काय आवाज निघाला पण! फटाक्यावानी!" बाकीच्या तिघींना तिनं तो आवाज तोंडानं काढून तीनदा ऐकवला.

गाडी निघाली, थोड्या वेळानं तिनं डबा उघडला. ज्वारीची भाकरी, वांग्याचं भरीत, शेंगदाण्याची चटणी. भाकरी मोडून तिनं अर्धी माझ्यापुढं धरली.

"घ्या ना, मावशी. माझ्या आईची चटणी लई भारी असती."

"आज माझा उपास हाय," मी म्हटलं.

"कशाचा?"

"मंगळवारचा. देवीचा."

तिनं हात मागं घेतला. उपास नव्हता. मी जन्मात कधी उपास केले नाहीत, पोट रिकामं असलं की माझं डोकं फिरतं. बौद्धवाड्यातल्या घरची भाकरी मी कधी खाल्ली नव्हती, एवढीच गोष्ट. तिच्यासाठी परक्या माणसाच्या थोबाडीत मारली होती आणि तिची अर्धी भाकरी घेता येत नव्हती. तेव्हा मला यात काही उलटं दिसलं नाही.

जालन्याला उतरलो तर मला कडकडून भूक लागली होती. मॅडम पोरींना घेऊन बाथरूमकडं गेल्या. मी गाड्यावर कांदाभजी घेतली आणि भिंतीकडं तोंड करून खायला लागले. भजी बरी होती. तिसरी तोंडात टाकून वळले तर मागं ती पोरगी उभी. हातात पाण्याची बाटली. माझ्या उपाशी पोटाची काळजी म्हणून भरून आणली होती.

तिनं कागदातल्या भज्यांकडं पाहिलं. मग माझ्याकडं. बाटली बाकड्यावर ठेवली आणि गेली. ज्या पोरीचं तोंड बंद होत नाही तिचं तोंड बंद झालं, तेव्हाच मला समजायला पाहिजे होतं. मी राहिलेली भजी संपवली.

परिषद एका मोठ्या हॉलात होती. खुर्च्यांना पांढरे कपडे घातलेले, लग्नात घालतात तसे. प्रत्येक पोराच्या छातीवर बिल्ला लावला, 'मी नेता'. मलाही एक दिला. मी तो पदराच्या आत लावला. स्टेजवर शहरातली एक बाई माईक घेऊन इकडून तिकडं फिरत होती. आधी टाळ्यांचे खेळ झाले, मग गाणी. मग ती म्हणाली, आता प्रत्येकानं पुढं येऊन आपल्या शाळेतली अशी एक गोष्ट सांगायची, जी तुम्ही बदलाल.

मॅडमनी आपला मोबाइल चारातल्या एकीकडं, दुकानदाराच्या पोरीकडं दिला, शूटिंग घ्यायला. म्हणाल्या, "एकेकीचं बोलून झालं की लगेच पालकांच्या ग्रुपवर टाक. घरच्यांना बघू दे." आमच्या मॅडमची ती रीतच आहे. झाडं लावली, टाक ग्रुपवर. दात तपासले, टाक ग्रुपवर. गावातली माणसं शाळेत पाऊल ठेवत नाहीत, पण ग्रुप सगळे बघतात.

पहिली पोरगी झाडांवर बोलली. दुसरी कचऱ्यावर. मग ही गेली. हातातला कागद तिनं वर जाताना घडी करून कंबरेला खोचला. मी मनात म्हणायला लागले, 'आदरणीय व्यासपीठ, आमच्या शाळेतील मुलींच्या शौचालयाला...'

ती म्हणाली, "आमच्या शाळेत खिचडी वाढताना पळी सगळ्यांच्या ताटाला टेकते. आमच्या पाच जणांच्या ताटाला टेकत न्हाई. आम्ही बौद्धवाड्यातले हाओत. आमच्या ताटात वरून सोडतात. एवढ्या वरून."

तिनं हात वर करून दाखवला. छातीएवढा.

"वरून सोडली की खिचडी उडते. गरम असते. हे बघा." तिनं ड्रेसची बाही वर केली. मनगटापासून कोपरापर्यंत बारीक बारीक डाग. काही काळे, दोन-तीन ताजे, लाल.

माईकवाली बाई हळूच म्हणाली, "बाळा, कोण वाढतं?"

"त्या आमच्यासंगंच आल्यात. मागं बसल्यात," ती म्हणाली. "आज त्यांचा उपास होता."

सगळ्या हॉलानं माना वळवल्या. दोन-तीनशे पोरं आणि त्यांचे मास्तर. पदराच्या आतला बिल्ला मला टोचत होता.

आता खरं सांगते. मला कोणी सांगितलं नव्हतं की वरून टाक. माझ्या सासूनं मजुरांना ताक वाढताना मी पाहिलं होतं, ती लोटा वर धरायची, खाली ओंजळी. मी तसंच वाढायला लागले. हातालाच ठाऊक होतं. रांगेत कोण आलं ते डोळा बघायचा आणि हात आपोआप वर जायचा. खिचडी पातळ असली की उडते, हे मला दिसत होतं. पोरं हात झटकायची. मी म्हणायची, "ताट नीट धर की, भवाने." चौदा वर्षं मी ताट नीट धरायला सांगत होते.

पण हे सगळं मागनं सुचलेलं. त्या वेळी डोक्यात एकच होतं. ज्या पोरीसाठी मी गाडीत मारामारी केली, तिनं भरल्या सभेत माझी अब्रू काढली.

ती खाली उतरली, तोंड धुवायला बाहेर गेली. मी मागं गेले. नळापाशी ती वाकली होती. खांद्याला धरून वळवली आणि सकाळच्यासारखीच, तेवढ्याच जोरानं दिली. माझ्या हातातलं कडं लागलं आणि तिचा ओठ कापला. पांढऱ्या फरशीवर रक्ताचे थेंब पडले. ती रडली नाही. ओठ पदरानं पुसावा तसा ओढणीनं पुसला आणि म्हणाली, "फटाक्यावानी."

मी दुसऱ्यांदा हात उचलला. तो मागून कोणीतरी धरला. मॅडम. धरला आणि पिळला. एवढ्याशा बाईत एवढी ताकद असेल असं मला वाटलं नव्हतं. माझा खांदा भिंतीला दाबून म्हणाल्या, "मावशी, परत हिला हात लावला तर मी तुमचा हात मोडीन. मास्तरीण आहे हे विसरेन."

"तुम्हीच शिकवलं असंल तिला हे बोलायला."

"मी कडी शिकवली होती. शौचालयाची कडी. हे तिला कोणी शिकवलं, ते तुम्ही स्वतःला विचारा." मग त्यांचा आवाज खाली आला. "माझं चुकलं. दोन वर्षं झाली मला इथं. तुम्ही वाढता तेव्हा मी ऑफिसात बसून डबा खाते."

"मंग आता काय करणार?"

"लिहिणार. पळीचं पण आणि या थोबाडीचं पण."

तेवढ्यात दुकानदाराची पोरगी मोबाइल घेऊन पळत आली. "मॅडम, मॅडम, टाकलं ग्रुपवर. पण लोक काहीतरीच लिहून राह्यलेत."

मॅडमनी मोबाइल घेतला. त्यांचा चेहरा उतरत गेला. त्यांनी व्हिडिओ काढून टाकला, पण मोबाइलमधून काढलेलं गावाच्या तोंडातून निघत नाही. मग फोन वाजायला लागला. माझ्या पोराचा. एकदा, दोनदा, दहादा. मॅडमनी एकदा उचलला, कानापासून लांब धरला. मलाही ऐकू येत होता त्याचा आवाज. पोरीच्या बापाचं नाव घेऊन शिव्या.

परतीच्या गाडीत जागा रिकाम्या होत्या, कोणाला काही धरावं लागलं नाही. पोरगी मॅडमच्या शेजारी खिडकीला बसली. ओठ सुजला होता. मंठ्याहून जीप केली. फाट्यावर पोचलो तेव्हा ऊन उतरलं होतं, सावल्या लांब झाल्या होत्या.

फाट्यावर वीसेक माणसं. मोटारसायकली आडव्या लावलेल्या. मधे पोरीचा बाप खाली बसवलेला, शर्ट खांद्यापासून फाटलेला, कानामागून रक्त मानेवर आलेलं. त्याची बायको बाजूला उभी, हात जोडून, कोणाकडं ते तिलाही ठाऊक नसावं. बौद्धवाड्यातली चार-पाच माणसं रस्त्यापलीकडं उभी होती, त्यांच्या हातात दगड होते. एकदा पहिला दगड सुटला असता तर मग कोण कोणाचं राहिलं नसतं.

माझा पोरगा पुढं आला. हातात बाभळीचा दांडा, बैलाला वापरतो तो.

"उतरा खाली, मॅडम. लई मोठी शाळा शिकवली तुम्ही." मग पोरीला, "ये इकडं. मोबाइलपुढं उभं राहा आन बोल. म्हण, म्या खोटं बोलले. म्हण, मावशी देवावानी हायेत. बस, एवढंच. मंग तुझ्या बापाला सोडतो."

"म्हणणार न्हाई ती," मॅडम म्हणाल्या.

"तुम्हाला कोणी विचारलं?" कोणीतरी मॅडमला ढकललं. कोण ते मी पाहिलं, पण नाव सांगायचं नाही असं ठरवून लिहायला बसले आहे. मॅडम खडीवर पडल्या. चष्मा उडाला आणि कोणाच्या तरी बुटाखाली गेला. त्या चाचपडत उठल्या, तळहात सोललेले, आणि परत पोरीपुढं येऊन उभ्या राहिल्या. त्यांना चष्म्याशिवाय समोरचं धड दिसत नव्हतं. तरी उभ्या.

पोरीची आई धावली. मला वाटलं लेकीला पोटाशी धरेल. तिनं पोरीला धपाधप मारायला सुरुवात केली. पाठीत, डोक्यात, जिथं लागेल तिथं. "म्हण की गं! म्हण ना एकदा! तुझ्या बापाला मारून टाकतेत हे! काय जातं तुझं म्हणायला?"

पोरगी मार खात होती. तोंड उघडत नव्हती. सुजलेला ओठ परत फुटला होता.

"बघितलं?" माझा पोरगा ओरडला. "हिच्या आईला बी ठाऊक हाय ही खोटारडी हाय ते." मग तो माझ्याकडं वळला, सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात. "आई, तूच सांग यांना. तू कधी वरून टाकलं का कोणाच्या ताटात? माझी आई असलं काम करती का?"

एकजण मोबाइल माझ्या तोंडापुढं घेऊन आला. मला कळत होतं, माझ्या एका 'न्हाई'वर पोरीच्या बापाचं मरण-जगणं नाही, त्याला तर सोडलंच असतं. पण मग ती खोटी ठरली असती. खोटी ठरलेली पोरगी शाळेत राहत नाही, आणि तो बाप गावात राहत नाही.

मी 'न्हाई' म्हणायलाच तोंड उघडलं होतं. दया वगैरे मला आली नव्हती, उगाच कोणी तसं समजू नये. मी पोराकडं पाहिलं आणि मला राग आला. आमच्या घरात बाहेरच्या कपाटात एक कप वेगळा आहे. तो त्यानंच ठेवलाय. रोजावर आलेल्या माणसाला त्यातच चहा द्यायचा, दुसऱ्यात दिला तर तो बायकोवर हात उचलतो. 'आपली रीत हाय,' असं मिशीवर हात फिरवून सांगतो. मग रीत आहे तर फाट्यावर ती नाकारायची कशाला? लाज वाटत असली तर घरात कशाला, आणि वाटत नसली तर इथं लपवायची कशाला? माझं वय झालं, पण दोन तोंडानं बोलायला मी शिकले नाही. म्हणजे सकाळी उपासाचं बोलले होते. तेवढं एक.

"टाकते," मी म्हटलं.

"काय?"

"वरूनच टाकते. रोज. चौदा वर्षं झाली. तुला ठाऊक न्हाई का? तुझ्या घरातला कप बाहेर ठेवलेला हाय तो कोणाचा हाय मंग? पोरगी खरं बोलली. आन तिचा ओठ फुटलाय तो बी म्याच फोडला. घे, तुझ्या मोबाइलमधी."

त्यानं दांडा उचलला. मी बघत होते, त्यानं कोणाला मारायला उचलला ते मला अजून नीट सांगता येत नाही. कदाचित पोरीला असेल. मी उजवा हात आडवा केला. मनगटावर बसला. सुकं लाकूड मोडावं तसा आवाज आला आणि हात भलत्याच जागी वाकलेला दिसला. मी खाली बसले.

मग मात्र घोळका फुटायला लागला. बायकोला मारलं तर लोक बघतात, पोरीला मारलं तर बघतात, पण भर फाट्यावर आईचा हात मोडलेला पाहिला की माणसं आपापल्या गाड्या शोधायला लागतात. मोबाइलवाला मोबाइल खिशात घालून सटकला. मोटारसायकली एकेक करून गेल्या. रस्त्यापलीकडच्या माणसांनी दगड टाकून दिले आणि पोरीच्या बापाला उठवलं. माझा पोरगा दांडा घेऊन तिथंच उभा होता. "आई, तू मधी कामून आली? तू मधी कामून आली?" एवढंच म्हणत होता.

त्याच जीपमध्ये बसून आम्ही मंठ्याच्या सरकारी दवाखान्यात गेलो. एका बाकावर मी आणि पोरीचा बाप, मधे मॅडम. त्याला टाके, मला प्लास्टर, मॅडमच्या हाताला औषध. तो माझ्याकडं बघत नव्हता. एकदा फक्त म्हणाला, "चौदा वर्षं, मावशी? माझी मोठी लेक बी तुमच्याच हातचं खाऊन गेली." मी हो म्हटलं.

मॅडम म्हणाल्या, "मावशी, तो माझा शब्द. हात मोडीन म्हटलेलं."

"तुम्ही न्हाई मोडला."

"म्हणून सांगते. नको होतं म्हणायला."

पोलीस आले. पोरीच्या बापानं तक्रार दिली, मॅडमनी साक्ष दिली. माझी जबानी घ्यायला बसलेला पोरगा माझ्या नातवाच्या वयाचा होता. मी सगळं सांगितलं. पळीचं, थोबाडीचं, कपाचं, दांड्याचं. तो म्हणाला, "आजी, स्वतःवरचं कशाला लिहायला लावता? यात तुम्ही पण अडकाल." मी म्हटलं, "लिहा. म्या मारलं ते मारलं." सही केली. डाव्या हातानं, वाकडी.

माझा पोरगा काही दिवस आत होता, मग सुटून आला. तारीख पडली की कोर्टात जातो. एकाच घरात राहतो, माझी चूल वेगळी. तो माझ्याशी बोलत नाही. तो कप मात्र बाहेरच्या कपाटातून गेला. कोणी काढला मी विचारलं नाही.

मॅडमनी जे लिहायचं ते वर लिहिलं. माझं काय करायचं ते वरून ठरायचं आहे. नवी बाई मिळेपर्यंत शिजवा, असं सांगितलं. नवी बाई कोणी मिळत नाही. बौद्धवाड्यातल्या एका बाईला विचारलं तर ती म्हणाली, "तुमची पोरं माझ्या हातचं खातील का, ते आधी विचारा." ते अजून कोणी विचारलं नाही.

नवव्या दिवशी मी प्लास्टरचा हात गळ्यात अडकवून शाळेत गेले. भाज्या पोरींनी चिरल्या, पातेलं दोघींनी उतरवलं. वाढायला मीच. डाव्या हातानं. आता मॅडम डबा ऑफिसात खात नाहीत. ताट घेऊन रांगेच्या शेवटी उभ्या राहतात, नव्या चष्म्यातून बघतात. त्यांना बघायची गरज नव्हती. डाव्या हाताला भरलेली पळी वर धरता येत नाही. मनगट थरथरतं, ताटाच्या काठावर टेकवल्याशिवाय रिकामी होत नाही. डाव्या हाताला काही ठाऊकच नाही.

बौद्धवाड्यातल्या चौघांना वाढलं. पळी टेकली, ठक्क आवाज झाला, पोरं ताट घेऊन गेली. मग ती आली. ओठावर बारीक खूण राहिली आहे. तिनं ताट पुढं धरलं. मी पळी भरली, तिच्या ताटाच्या काठावर टेकवली, आणि उलटी करणार तेवढ्यात तिनं ताट मागं ओढलं.

"माझा आज उपास हाय, मावशी," ती म्हणाली.

मागं रांग थांबली. मॅडम बघत होत्या.

"कशाचा?" मी विचारलं.

"मंगळवारचा."

गुरुवार होता. ती बाजूला झाली, व्हरांड्याच्या पायरीवर, बरोबर माझ्यासमोर बसली. दप्तरातून डबा काढला. भाकरी मोडली, चटणीला लावली आणि माझ्याकडं बघत सावकाश खायला लागली. 

पळी तशीच भरलेली होती. मी ती पुढच्या पोरीच्या ताटावर टेकवली.